दोन कानांचे दोन सूर

पत्रकातली चूक एका शब्दाची होती. मी कागदावर लिहून दिलं होतं, ‘पाणी आमच्या हक्काचं’. कर्जतला स्टेशनबाहेर डीटीपी करणाऱ्या बाईंनी माझं अक्षर लावता लावता जोडाक्षर मोडलं, काना-मात्रा मनाला येईल तिथे बसवले, आणि छापून आलेल्या पाचशेच्या पाचशे प्रतींवर ठसठशीत मथळा होता: ‘पाणी आमच्या हाकेचं’.

मी दुकानात उभा राहून तावातावाने बोललो. चळवळीचं पत्रक म्हणजे लग्नपत्रिका नव्हे, वगैरे. बाईंनी माझाच कागद माझ्या नाकासमोर धरला. “वाचून दाखवा. डॉक्टर व्हायचे राहिलात वाटतं.” मलाही ते धड वाचता आलं नाही. पुन्हा छापायला वेळ नव्हता. साठ-सत्तर प्रतींवर पेनने दुरुस्ती केली, मग हात भरून आला आणि उरलेल्या तशाच चौकच्या नाक्यावर वाटल्या.

प्रकरण काय होतं ते सांगतो, कारण पत्रकं न वाचताच खिशात कोंबायची असतात असा आपल्याकडे समज आहे. चौकच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी एक ठाकरवाडी आहे, तीसेक घरांची. वाडीसमोरून एक जाडजूड पाइपलाइन गेली आहे. ती पुढे नव्या बंगल्यांकडे जाते. बंगल्यांत माणसं शनिवार-रविवार येतात, पाणी मात्र रोज जातं. वाडीतल्या कुठल्याही अंगणात उभं राहिलं की ती पाइप दिसते, आणि वाडीला तिच्यावर एकही नळ नाही. फाल्गुनापासून बायका ओढ्याच्या वाळूत डवरा, म्हणजे पाणी झिरपायचा खड्डा, खणतात आणि वाटी-वाटीने हंडा भरतात. मागणी एकच होती. त्या पाइपवर एक नळ. दुसरी मागणी आम्ही मुद्दाम लिहिली नव्हती, कारण दोन लिहिल्या की साहेब लोक सोपी निवडतात आणि तीही करत नाहीत.

पत्रकाखाली माझा नंबर होता. तीन दिवसांनी फोन आला. पलीकडचा आवाज मोठा, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसा.

“ही ओळ कोणी लिहिली?”

“ती चूक आहे, काका. तिथे हक्काचं पाहिजे.”

“काय?”

“हक्काचं!”

“काय पाहिजे?”

“ह-क्का-चं!”

“बेटा, फोनवर मला काय कळत नाय. तू इकडेच ये. चौक, जुना हायवे, बंद गॅरेज. शटरवर गिटार काढलीय बघ.”

त्या शटरवरून मी शंभर वेळा गेलो असेन. ती गिटार आहे हे मला कधी कळलं नव्हतं. मला वाटायचं, हंडा आहे.

घरी वडिलांना सांगितलं तर ते चहा प्यायचे थांबले. “तो? चौकचा? अजून गातो?” वडिलांच्या कॉलेजच्या दिवसांत या माणसाचा बँड होता. पाच पोरं, केस खांद्यापर्यंत, आणि मराठीत रॉक. मराठीत रॉक म्हटलं की लोक आधी हसायचे, मग ऐकायचे, मग पुन्हा हसायचे, असं वडील म्हणाले. एक कॅसेट निघाली. वडिलांकडे होती, कुणीतरी नेली ती परत आली नाही. मग बँड फुटला. चार पोरं बँकेत, दुबईत, कुठे कुठे लागली. पाचवा, जो गायचा, तो चौकला परत आला आणि बापाच्या गॅरेजमध्ये तीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलं.

त्या गाणाऱ्याचं कोकणी मुसलमान घर. आजोबा बंदराकडून सुक्या मासळीचा धंदा घेऊन वर आले, त्यांच्या वडिलांनी हायवे बघून गॅरेज टाकलं. एक्सप्रेसवे झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या गाड्या आटल्या आणि गॅरेजही आटलं. आता पासष्टी ओलांडल्यावर ते त्याच बंद गॅरेजच्या माळ्यावर भिंतींना गाद्या बांधून नवा अल्बम करत होते. आठ गाणी. कुठल्याशा पेपरने चार ओळी छापल्या होत्या, त्यात ‘कमबॅक’ असा शब्द होता. त्यावर ते चिडलेले. “कमबॅक म्हणे. मी गेलो कुठे होतो? चौकलाच होतो की. हेच आले नाय.”

सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणायला लागलो.

मी गेलो तो चुकीची दुरुस्ती करायलाच गेलो. त्यांनी माझं पत्रक टेबलावर काचेखाली ठेवलेलं. म्हणाले, या ओळीवर गाणं केलंय, आठातलं शेवटचं. आणि गिटार घेऊन गायलेच.

हाकेचं पाणी, हाक मारली,
ओ दिली नाही.

एवढंच पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा खाली, मग वर, मग ‘हाकेचं’मधला ‘हा’ असा वर फेकायचा की डोंगरावर जाऊन आपटावा. मला गाण्यातलं काही कळत नाही. शाळेत प्रार्थनेला मला शेवटच्या रांगेत उभं करायचे. पण अंगावर काटा आला हे खरं, आणि त्याचाच राग आला.

“चांगलंय. पण ‘हक्काचं’ करा.”

“का?”

“कारण तो हक्क आहे! हाक म्हणजे विनवणी. आम्ही विनवण्या करत नाही.”

“हक्काचं म्हटलं की समोरचा झोपतो, बेटा. हाक मारली तर निदान वळून बघतो.”

“वळून बघतील आणि पुढे जातील. गाणं सुंदर होईल आणि नळ राहील बाजूला. तुम्हा कलाकारांचं हेच असतं.”

आतून चाची सांदणांची ताटली घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. चाचा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या ओठांकडे, हे नंतर कळलं. मग हसायला लागले. “हा बघ,” चाचींना म्हणाले, “चाळीस वर्षांत पहिला माणूस, जो तोंडावर बोलला.”

त्यांनी मला खाली बसवलं आणि कानाचं सांगितलं.

दोन्ही कान गेले नव्हते, उतरले होते. “लोकांना वाटतं गिटारने गेले. अर्धे डेंटिंगने गेले. पत्रा ठोकताना कानात कापूस कोण घालतं?” पण खरी भानगड निराळी होती. डावा कान एक सूर ऐकायचा आणि उजवा कान तोच सूर जरा खाली ऐकायचा. एकच तार छेडली तरी आत दोन वाजायच्या. गिटारला प्रश्न नव्हता, तिच्यावर चिमट्यासारखं एक छोटं मशीन बसतं, तार सुरात आली की हिरवा दिवा लागतो. “गिटारचं डोळ्यांनी भागतं. गळ्याला दिवा नसतो.” पनवेलच्या डॉक्टरने श्रवणयंत्र दिलेलं. ते लावलं की बोलणं कळायचं आणि गाणं पत्र्याच्या डब्यात खडे वाजवल्यासारखं यायचं. डॉक्टर म्हणाला होता, आहे तेही हळूहळू उतरत जाणार. म्हणजे जे गायचं ते आताच.

“दोन कानांचे दोन सा,” चाचा म्हणाले. “खरा कोणता ते मला सांगता येत नाय. आणि बाकी कोणी सांगत नाय. बायकोला विचारलं तर म्हणते, तुम्ही छानच गाता. जुने दोस्त म्हणतात, फील आहे, चाचा, फील आहे. या पोरीला विचार.”

ही पोरगी म्हणजे रेकॉर्डिंग करणारी. कर्जतहून स्कूटीवर लॅपटॉप घेऊन यायची, माझ्याच वयाची. ती म्हणाली, “मी सांगते की. तुम्ही म्हणता, काढ. मी म्हणते, कॉम्प्युटरवर सूर सरळ करते, दोन मिनिटांचं काम. त्यावर तुम्ही शिव्या देता.”

“देणारच. डेंट ठोकून काढायचा असतो. पुट्टी भरून वर रंग मारला की गिऱ्हाईक खूश, पण दोन महिन्यांत पापुद्रा सुटतो. माझ्या गळ्यात पुट्टी नाय भरायची.” मग माझ्याकडे वळून, “तुला गाण्यातलं कळत नाय ना? उत्तम. जाणकार माणूस समजून घेतो. तू घेऊ नको. मी गाताना जिथे टोचेल तिथे हात वर कर. बाकी बोलू नको. तीन वेळा गाऊनही टोचलं, तर ते गाणं अल्बममधून बाद. बेसूर गाणं मागे ठेवून मी मरणार नाय.”

“आणि हक्काचं?”

“ते हाकेचंच राहील.”

मी कबूल झालो. का झालो ते स्पष्ट लिहितो. एवढी पत्रकं काढली, निवेदनं दिली, रस्त्यावर बसलो, कुणी विचारलं नव्हतं. आता एक जुना नावाजलेला गाणारा आमच्या नळावर गातोय म्हटल्यावर मला पुढचं सगळं दिसायला लागलं. टीव्हीवाले, कॅमेरे, साहेबांची तारांबळ. संगीताबद्दल मला काडीचं प्रेम नव्हतं. मला भोंगा पाहिजे होता.

महिना-दीड महिना मी दुपारी जायचो. दुपारीच, कारण तेव्हा हायवेवर ट्रक कमी. तरी एखादा यायचा आणि माळा हादरायचा, मग पोरगी हात दाखवून थांबवायची आणि ट्रक जाईपर्यंत सगळे गप्प बसायचे. मी एका उलट्या बादलीवर बसायचो. चाचा गायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी हात वर केला की डोळे मिटायचे, पाणी प्यायचे, पुन्हा गायचे.

माझा हात पुष्कळदा वर गेला. टोचणं म्हणजे काय हे सांगता येत नाही, पण चुकतही नाही. दाढेखाली खडा आला की कळतो तसं. पहिल्या आठवड्यात एक गाणं बाद झालं. त्यांच्या आईवरचं होतं. तीन वेळा गायले, तिन्ही वेळा एकाच जागी माझा हात वर. त्यांनी गिटार भिंतीला टेकवली आणि पोरीला म्हणाले, पुसून टाक. ती म्हणाली, ठेवते की एका कोपऱ्यात. “पूस म्हटलं ना.” पुढच्या आठवड्यात अजून एक गेलं.

त्या दिवशी जिन्याखाली चाचींनी मला गाठलं. “तू यायला लागल्यापासून गाणी कमी व्हायला लागलीत. आठाची सहा झाली. तुला काय वाटतं, आम्हाला ऐकू येत नाय?”

“मग सांगत का नाही त्यांना?”

“तू लग्न केलंस का?”

“नाही.”

“मग गप्प बस.”

मी मनात म्हटलं, हेच ते. घराघरात हेच चालतं. प्रेमापोटी खोटं, मानापोटी खोटं, आणि मग देशाचं वाटोळं का झालं म्हणून विचारतात. मी खरं बोलतो, आणि त्यासाठीच या माणसाने मला निवडलंय. त्या दिवशी चौकहून कर्जतला येताना टेंपोत पुढे बसलो होतो आणि फार मोठा झाल्यासारखं वाटत होतं.

मधल्या काळात मी वाडीवर जाऊन सांगून टाकलं होतं. अंगणात बैठक भरवली. म्हटलं, आपल्या पाण्यावर गाणं येतंय, सगळीकडे वाजणार, नळ आता देतात कसे नाहीत बघू. वाडीतली एक मावशी आमच्या बाजूने नेहमी पुढे असायची, निवेदन द्यायला तीच यायची. ती म्हणाली, “गान्यानं नळ येतो व्हय रं?”

“येतो, मावशी. लोकांनी ऐकलं की साहेबांवर दबाव येतो.”

“मंग तुमी येवढी वर्सं कागदंच का वाटलीव? पयलंच गायाचं ना.”

सगळे हसले. पण हसून झाल्यावर तिने विचारलं, “कदी येनार मंग?” आणि मी महिना सांगितला. नुसती आशा दाखवली असती तर चाललं असतं. मी महिना सांगितला.

शेवटी आमचं गाणं आलं. चाचांनी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, त्यात वर जायचं होतं म्हणून. गळा शेकून झाला, आल्याचं पाणी पिऊन झालं. त्यांनी डाव्या कानात बोट घातलं, काढलं, मान हलवली. पोरीने बोट वर करून सुरू म्हणून सांगितलं.

खालचं कडवं स्वच्छ गेलं. मग ते वर निघाले. ‘हा’. आणि दाढेखाली खडा.

माझा हात वर गेला. पुन्हा. दुसऱ्या वेळी त्यांनी जास्त जोर लावला आणि खडा जास्त मोठा आला. माझा हात वर गेला. त्यांनी बराच वेळ पाणी प्यायलं. शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणाले, “तिसरं. याच्यात नाय आलं तर जाऊ दे. पाच गाणीपण पुष्कळ.”

तिसऱ्या वेळी ते गायले तेव्हा मी ‘हा’ यायच्या आधीपासून स्वतःशी बोलत होतो. वाडी. महिना. मावशी. ‘हा’ आला. पहिल्या दोन वेळांपेक्षा थोडा बरा होता, असं मी अजूनही कधीकधी स्वतःला सांगतो. बरा नव्हता. तिथेच, तसाच टोचला. माझे दोन्ही हात मांडीखाली होते. मी ते तिथे कधी घातले ते मला आठवत नाही.

गाणं संपलं. चाचांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. पोरीनेही बघितलं. तिला सगळं कळलं होतं. लॅपटॉपवर तर ते उघड दिसतं म्हणे, रेषा वर जाते. ती माझ्या हाताची वाट बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

“झालं?” चाचांनी विचारलं.

“झालं.”

“टोचलं नाय?”

“नाही.”

त्यांनी गिटार खाली ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठमोरे होते, पण हसत असावेत. खाली अंगणात चाची कपडे वाळत घालत होत्या, त्यांना ओरडून म्हणाले, “झालं गं! वरचा सूर लागला!” असं ओरडले की पलीकडच्या धाब्यावरचा माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

पोरगी वायर गुंडाळता गुंडाळता मला हळू आवाजात म्हणाली, “तुलाही फील आला वाटतं.”

अल्बम नेटवर आला. सहा गाणी. टीव्हीवाले आले नाहीत. चाचांच्या पिढीतल्या काही लोकांनी चांगलं लिहिलं, वडिलांनी पाच गाणी दोनदा ऐकली आणि सहाव्यावर म्हणाले, “वय झालं रे आता.” मी वाडीवर गेलो. मावशीच्या अंगणात फोनला छोटा स्पीकर जोडला, माणसं जमली. नळाचं गाणं म्हणून सगळे कान देऊन बसले. वरचा ‘हा’ आला तशी पोरं खिदळली. मावशीने त्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, “ह्यो बाबा वरडतोय का रडतोय?”

“गातायत, मावशी.”

“हितं फाटतंय की. मोट्या मानसाला कोन सांगनार म्हना. पर तू व्हतास ना तिथं?” आणि मग, अगदी साधेपणाने, “तुजं तर दोनी कान चांगलं हायेत.”

तेवढ्यावर राहिलं असतं तर राहिलं असतं. पण कुणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याची क्लिप केली. एक माणूस नळाखाली बादली धरून उभा आहे. चाचांचा ‘हा’ येतो, नळाचं पाणी बंद होतं, आणि माणूस बादली टाकून कानावर हात ठेवून पळतो. बस्स. एवढीच. ती इतकी फिरली की मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आली, एकदा तर चळवळीच्याच ग्रुपवर, खाली हसरे चेहरे.

त्याच आठवड्यात मी आणि मावशी निवेदन घेऊन ऑफिसात गेलो. कुठल्या ऑफिसात ते लिहीत नाही, सगळी सारखीच असतात. साहेबांनी निवेदन हातात घेतलं, वरची ओळ वाचली आणि चेहरा उजळला. “हे ते हाकेचं पाणीवाले तुम्हीच का? अहो, माझ्या मुलीने पाठवलं.” फोन काढला, आम्हालाच वाजवून दाखवलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आले. त्यांनी आधी बघितलेलं होतं, तरी पुन्हा बघितलं. साहेब वाईट नव्हता. आम्हाला बसायला खुर्ची दिली, निवेदनावर शिक्का मारला, पोचही दिली. हसू आवरत आवरत दिली.

 मी रिकाम्या खुर्च्यांसमोर अर्धा तास बोललेला माणूस आहे. नुसता पोच घडी करत राहिलो.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, “हसलं रं त्ये.”

“गाण्याला हसले, मावशी.”

“गान्याला हसलं का आमाला?”

ती एसटीच्या थांब्यावर बसली. मी तिला पाण्याची बाटली आणून दिली. तिने अर्धी प्यायली आणि उरलेली पिशवीत ठेवली.

चौकला जायचं मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी गेलो. चाचा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर. क्लिप त्यांच्यापर्यंत पोचली होती. पोचणारच होती.

“बस,” म्हणाले. “हे बघ. मला ऐकू येतं ते बरोबर वाटतं. मग हा कान का झाकतो?”

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो, ओठ दिसावेत म्हणून. “चाचा, ‘हा’ वर जातो तिथे टोचतंय.”

“आत्ता टोचतंय, का तेव्हापण टोचत होतं?”

“तेव्हापण.”

एक ट्रक गेला. ते तो जायची वाट बघत थांबले, रेकॉर्डिंग चालू असल्यासारखे.

“मग हात?”

“गाणं गेलं असतं.”

“हां. माझं दोनदा गेलं. तेव्हा नाय तुला काही वाटलं.”

मी माफी मागितली. वाडीचं सांगितलं, बैठकीचं, महिन्याचं, सगळं. बोलताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी माझ्या तोंडाकडे बघणं कधीच सोडलंय आणि त्यामुळे यातलं काहीच त्यांच्यापर्यंत जात नाहीये. मी गप्प झालो. मग त्यांनी वर बघितलं. शिवी देतील असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

“मी डाव्या कानाला धरून गायलो होतो,” ते म्हणाले. “म्हणजे डावा खोटा. मग उजवा खरा असणार. ऐक.”

त्यांनी तळव्याने डावा कान दाबला आणि तिथेच, ओट्यावर बसल्या बसल्या, ती ओळ उचलली. ‘हा’ वर गेला. खडा आलाच. पहिल्यासारखा वर नाही, खालच्या बाजूने आला, पण आलाच.

“आता?”

मी मान हलवली. नाही.

“नीट ऐक.” पुन्हा गायले. “आता?”

नाही.

हात बदलला. उजवा कान दाबला, डाव्याने गायले. नाही. पुन्हा डावा दाबला. रस्त्यावरून जाणारे दोन पोरगे थांबले, एकाने कानावर हात ठेवून दुसऱ्याला ढोसलं आणि दोघे हसत पुढे गेले. चाचांची पाठ त्यांच्याकडे होती. चाची दारात आल्या, माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. मी म्हटलं, चाचा, पुरे. ते माझ्या ओठांकडे बघत नव्हते, फक्त मान कुठे हलते ते बघत होते.

मग त्यांनी दोन्ही कान दाबले. दोन्ही तळवे, घट्ट, कोपरं बाहेर काढून, आणि डोळे माझ्यावर ठेवून ‘हा’ लावला. गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या. मी ऐकलं. या वेळी मी खरोखर ऐकलं, वाडी नाही, नळ नाही, नुसता तो एक सूर, शेवटपर्यंत.

त्यांनी भुवया उंचावल्या.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी हात कानावरून काढले नाहीत. पुन्हा श्वास घेतला.